शनिवारच्या सभेतली माझी साक्ष

आमच्या आईला खोटं बोलता येत नसे, आणि त्यापायी बाबांचे फार हाल होत. एकदा भर दुपारी विम्याचा एजंट दारात आला. बाबा रात्रपाळी करून आत पलंगावर पडले होते. त्यांनी हातानंच खूण केली, नाही म्हणून सांग. आई पदर सावरत बाहेर गेली आणि म्हणाली, "ते घरात आहेत, पण नाहीत म्हणून सांग असं म्हणालेत." तो बिचारा इतका गोंधळला की नमस्कार करून चालता झाला, आणि बाबा दोन दिवस आईशी बोलले नाहीत. गल्लीत मात्र या गोष्टीनं आईचा भाव वाढला. नळावर भांडण झालं, कुणाची कोंबडी कुणी हाकलली याचा वाद पेटला की दोन्ही पक्ष म्हणत, मागच्या बाईंना विचारा, त्या सांगतील ते खरं. मागच्या बाई म्हणजे आई. जळगावात स्टेशनाच्या अलीकडे एका कापड दुकानदाराचं दुमजली घर होतं, त्याच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या. मध्ये एक सामाईक परस, त्यात एक नळ आणि एक शेवग्याचं झाड.

बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते आणि रविवारी देवळात पेटी वाजवत. आमच्यात चर्चला देऊळच म्हणत. आई साक्रीच्या पलीकडच्या खेड्यातली, तिसरी शिकलेली. बाहेरच्यांशी ती बऱ्यापैकी मराठी बोले, पण घरात तिची अहिराणी सुरू झाली की थांबत नसे. पहाटे जिनिंगचा भोंगा वाजायच्या आधी तिची चूल पेटे. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा खमंग वास, तव्यावर भाजलेल्या मिरच्यांनी उठलेला ठसका आणि मागच्या रुळांवर डबे जोडताना होणारा धडाम आवाज, या तिन्हींनी मला रोज जाग येई. सकाळी प्रार्थना बाबा करत, चांगली लांबलचक. आई मधेच उठून भाकरी उलटून येई आणि पुन्हा डोळे मिटे. देवाबद्दल ती कुणाशी बोललेलं मी ऐकलं नाही. परसात एक माठ भरून ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्या हमालानं, भंगारवाल्यानं हातानं घेऊन प्यावं म्हणून. आणि कुणाच्या घरी आजारपण निघालं की पदर खोचून तिकडे जायची. गल्लीतले बरेचजण आमच्या घरचं पाणी पीत नसत. त्याचं तिला काही वाटत नसावं. नाताळात ती अशा घरी फराळाऐवजी केळ्यांची फणी आणि नारळ पाठवी, म्हणजे त्यांनाही अडचण नको.

आता आमच्या ख्रिस्ती मंडळीतली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकरीचे तुकडे असलेलं ताट आणि द्राक्षरसाचे इवलेसे पेले ओळीनं एकाकडून दुसऱ्याकडे जात. आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तयारीची सभा. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं त्याआधी त्याच्या दारी जाऊन मिटवून यायचं, मगच रविवारी ताटाला हात लावायचा, असा नियम. बाबा आणि आमचे खजिनदार वाजवायच्या पेटीच्या किल्लीवरून महिनाभर भांडत आणि पहिल्या शनिवारी पाच वाजता एकमेकांच्या गळ्यात पडत. सोमवारी पुन्हा तेच. त्या सभेत लोक उभे राहून साक्ष देत. म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगत. आईनं जन्मात साक्ष दिली नाही. देवळाचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, यांनी एकदा फारच आग्रह केला तर उठली आणि म्हणाली, "मना घर पीठ भिजेल शे, मी जास," आणि खरंच घरी गेली. लोक पुढे कितीतरी दिवस हसत होते.

मी अगदी उलट. बोलण्यात मला कुणी हरवू शकत नसे. वचनं पाठ म्हणण्याचं बक्षीस दरवर्षी माझं. आवाज चढवायचा कुठे, उतरवायचा कुठे, डोळे कधी भरून आणायचे, हे मला सोळाव्या वर्षीच चांगलं जमत होतं. पोरगी मोठी विश्वासाची आहे, असं बायका म्हणत आणि ते मी न ऐकल्यासारखं करून ऐके. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या पोरीची आठवण आली की तिचा कान धरून बाहेर काढावंसं वाटतं.

पुढच्या घरात कांताभाभी सून होऊन आली तेव्हा ती माझ्यापेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठी असेल. माहेर दोंडाईच्याचं. घर राजस्थानातून आलेल्या जैनांचं, शिस्तीचं. घरावर हुकूम सासूचा. त्यांना सगळी गल्ली माजी म्हणे. माजी कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या, हे मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टीत सासूला दुष्ट करून टाकणं सोपं असतं. भाभीला पहिली मुलगी झाली ती मेलेलीच. घरात कुणी तिला रडू देईना. रडलीस तर पुढच्याला बाधेल, अशी समजूत. मग ती दुपारी सगळे निजले की परसातून आमच्याकडे येई, चुलीपाशी पाटावर बसे आणि तासभर रडून जाई. माझ्या पाठची दोन भावंडं जगली नव्हती, त्यामुळे आईला काही सांगावं लागत नसे. आई ज्वारी निवडत बसे. कधी तिच्या पाठीवरून हात फिरवी. मला या बसण्याचा कंटाळा येई. इतकी संधी असताना आई तिला प्रभूबद्दल एक शब्द सांगत नाही, याचा मला रागही येई. तसं मी एकदा बोलून दाखवलं तर आई म्हणाली, "ती रडाले येस, आयकाले नही."

त्या वर्षी पर्युषणात भाभीनं अठाई धरली. आठ दिवस अन्न नाही, नुसतं उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेतोवर. घरात कुणी भरीस घातलं नव्हतं. तिनं आपण होऊन नेम घेतला होता, मूल व्हावं म्हणून. माजींचा ऊर भरून आला. दोंडाईच्याला, भुसावळला सांगावे गेले, आठव्या दिवशीच्या मिरवणुकीसाठी बँड ठरला. सहाव्या दिवशी दुपारी भाभी आमच्या मागच्या दारात आली आणि उंबऱ्यावरच कोसळली. डोळे पांढरे, दातखीळ. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि गूळ कालवलेलं पाणी चमच्यानं तिच्या ओठांतून सोडलं. ती शुद्धीवर आली. आईनं सकाळची ज्वारीची पेज कोमट करून पुढे ठेवली, आणि भाभीनं वाटी दोन्ही हातांनी धरून सगळी पेज पिऊन टाकली. हे तिचं तिनं केलं. पिताना ती रडत होती. वाटी खाली ठेवल्यावर ती जे म्हणाली ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मावशी, घरी कळलं तर मला दोंडाईच्याला नेऊन घालतील. परत आणणार नाहीत." आई म्हणाली, माझ्या तोंडून कळणार नाही. मग भाभीनं माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी उभी होते. मी मान हलवली. म्हणजे वचन एकट्या आईनं दिलं नव्हतं, मीही दिलं होतं.

उरलेले दोन दिवस तिनं कडक पाळले. आठव्या दिवशी फुलांनी सजवलेल्या टांग्यातून, बँडच्या मागे, नव्या साडीत ती आमच्या गल्लीतून गेली. लोक पुढे होऊन पाया पडत होते. आमच्या बोळाशी टांगा आला तेव्हा तिची मान खाली गेली. आईनं हात जोडले, आणि घरात आल्यावर म्हणाली, बरी दिसते पोर.

हे तिथेच संपायला हवं होतं. पण थंडीत धुळ्याहून एक पाहुणे पाळक आले. शनिवारच्या तयारीच्या सभेत तेही बसणार होते, आणि धुळ्याच्या तरुणांच्या मेळाव्यात बोलायला आमच्या मंडळीतून एकीला निवडणार होते. ती एक मी, असं मी धरूनच चालले होते. पण माझ्या आधी आमच्याच मंडळीतल्या एका कंपाउंडरची मुलगी उठली आणि तिला साप चावला असताना तिच्या आजीनं रात्रभर प्रार्थना कशी केली ते तिनं असं सांगितलं की पुरुषसुद्धा डोळे पुसू लागले. मी मनातल्या मनात शोधू लागले. मला साप चावला नव्हता. मी कधी धड आजारीसुद्धा पडले नव्हते. सांगावं असं माझ्याजवळ काहीच नव्हतं, आणि पाहुण्यांनी तर माझं नाव घेतलं. मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून कांताभाभी निघाली.

नाव घेतलं नाही, एवढी अक्कल होती. आमच्या शेजारची एक बहीण, मोठ्या घरची, असं म्हटलं. आठ दिवसांचा उपास, सहाव्या दिवशी आमच्या उंबऱ्यात पडली, आमच्या माठातल्या पाण्यानं तिच्या जिवात जीव आला. इथवर खरं होतं. पण लोक पुढे झुकून ऐकत होते, आणि मला अजून थोडं हवं होतं. मी म्हणाले, ती बहीण रडत रडत म्हणाली की तुमच्या देवापाशीच मला शांती मिळते. साफ खोटं! भाभी असं काही म्हणाली नव्हती. सगळीकडून आमेन, आमेन झालं. बायकांच्या सतरंजीवर तिसऱ्या ओळीत आई बसली होती. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. मला वाटलं, अभिमानानं तिचे डोळे भरले. इतकी मी आंधळी होते.

घरी येताना बाबा माझं कौतुक करत होते. आई दोन पावलं मागे. घरी आल्यावर तिनं चूल पेटवली, खिचडी टाकली आणि पातेल्यात बघत एवढंच विचारलं, "तू तिले इचारं व्हतं का?" मी म्हणाले, नाव कुठे घेतलंय? आईनं पातेल्यावर झाकण ठेवलं. निवड माझीच झाली, हेही सांगून टाकते. धुळ्याच्या मेळाव्याला मी नंतर ताप आल्याचं सांगून गेले नाही. ते आणखी एक खोटं.

आमच्या मंडळीत साळोमीबाई म्हणून एक होत्या. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला त्या शेठ लोकांच्या घरोघर जात. भोळ्या. त्यांना माझी साक्ष फार आवडली, आणि मंगळवारी त्यांनी ती एका घरात मोठ्या भक्तीनं सांगितली. आमच्या शेजारी मोठं घर कोणतं आणि त्या वर्षी अठाई कुणी केली, हे काढायला त्या लोकांना किती वेळ लागणार? बुधवारी सकाळी, नळाला पाणी यायच्या वेळी, माजी परस ओलांडून आमच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे त्यांच्या घराच्या मागच्या खिडकीत भाभी दिसत होती. गज धरून उभी होती.

आई भाकरी थापत होती. हात पिठाचे. माजी आत आल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही खोटं बोलत नाही, हे बठ्ठ्या गल्लीला माहीत आहे. म्हणून मी सुनेला नाही विचारलं, तुम्हाला विचारते. तिनं अठाईत तुमच्या घरी तोंडाला काही लावलं का? तुमच्या देवाचं नाव घेतलं का?"

आई उठून उभी राहिली. हाताचं पीठ तिनं झटकलंसुद्धा नाही. "तुमच्या सुनेनं माझ्या घरी पाण्याचा थेंब घेतला नाही," ती म्हणाली. "माझ्या देवाचं नावही घेतलं नाही. माझी पोरगी सभेत वाहवा मिळवायला खोटं बोलली."

माजींनी मान वळवली. "खरं का गं?"

मी हो म्हटलं. काय गंमत आहे बघा, आईच्या त्या तीन वाक्यांत एक खोटं होतं, एक खरं होतं, आणि तिसरं माझ्याबद्दलचं होतं ते निम्मं खरं होतं. माजी थोडा वेळ आईकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, पोरीची जीभ आवरा, आणि गेल्या. खिडकीत आता कुणी नव्हतं. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली होती. आईच्या हातून भाकरी करपलेली मी तोवर पाहिली नव्हती. तिनं ती खरवडली आणि दुपारी स्वतःच्या ताटात घेतली. मी पाया पडायला गेले तर म्हणाली, माझ्या नको, तिच्या पड. पण तिच्या पडता येणार नाही आता, म्हणून गप बस.

कांताभाभीचं घर टिकलं. दोन वर्षांनी तिला मुलगा झाला, थाळी वाजली, आणि लाडू घेऊन माजी स्वतः आमच्या दारी आल्या. त्यांनी लाडू आईच्या हातात दिले, माझ्याकडे पाहिलं नाही. ती बाई माणसं ओळखणारी होती. आईचं खोटं त्यांना त्या सकाळीच कळलं असणार, असं मला आता वाटतं, पण हे माझ्या आताच्या मनाचं झालं. आईला तेव्हा तसं वाटत नव्हतं. भाभी मात्र पुन्हा कधी आमच्या चुलीपाशी आली नाही. परसात समोरासमोर आलो तर ती कळशी भरून निघून जाई. रडायला तिनं दुसरी कुठली जागा शोधली, की रडणंच सोडलं, मला माहीत नाही. तिची ती एक जागा होती, आणि ती मी घालवली.

पुढच्या पहिल्या रविवारी देवळात ताट आमच्या ओळीत आलं. आईनं ते हातात घेतलं आणि काही न उचलता माझ्याकडे दिलं. मला कळेना. सगळे बघत होते. आणि मी, जिनं हे सगळं केलं होतं, तिनं सवयीनं तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. पेलाही घेतला. आईनं तोही पुढे सरकवला होता. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. पाळकसाहेब घरी आले. आई त्यांना म्हणाली, मी एका बाईशी खोटं बोलले आहे. तिला जाऊन खरं सांगितल्याशिवाय मला ताटाला हात लावता येत नाही, आणि सांगता तर येत नाही. पाळकसाहेबांनी समजावलं, देव क्षमा करतो. आई म्हणाली, "देवाचं आणि माझं झालंय, साहेब. त्या बाईचं राहिलंय." कोण बाई, कसलं खोटं, हे तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा साळोमीबाई होत्याच.

मंडळीत मग जे व्हायचं ते झालं. जी बाई दोन वर्षं प्रभुभोजन घेत नाही, तिनं काहीतरी मोठंच केलं असणार. नळावर न्याय मागायला येणाऱ्या बाया वेगळ्या आणि देवळातल्या बाया वेगळ्या. कुणी म्हणे नवऱ्यापासून काही लपवते आहे, कुणी म्हणे माहेरच्या जुन्या देवांना नारळ फोडते. हे माझ्या कानावर येई. बाबासुद्धा एकदा चिडून म्हणाले, चार माणसांत मला पेटीवर बसायची लाज वाटते. मी ऐकलं आणि ताटातली भाजी चिवडत राहिले. मला एकदा उभं राहून एवढं म्हणता आलं असतं, की माझी आई खोटं बोलली ती माझ्यामुळे, पुढचं मला विचारू नका. त्यात भाभीचं नाव आलं नसतं. मी मनाला सांगत राहिले की भाभीसाठीच मी गप्प आहे. कसली भाभीसाठी! मला विश्वासाची पोरगी म्हणत होते ते मला सोडवत नव्हतं.

आमचे हल्लीचे तरुण पाळक मला दर शनिवारी म्हणतात, आजी, तुमची साक्ष ऐकायची आहे, तुम्ही सगळ्यांत जुन्या. मी म्हणते, घरी पीठ भिजवलेलं आहे. ते हसतात. त्यांना त्यातलं काही कळत नाही. कांताभाभी मागच्या साली वारली असं कळलं, तेव्हा हे लिहायला घेतलं. नाव बदललं आहे, गावाच्या खाणाखुणा बदलल्या आहेत, तरी हात अडखळतो. तिला विचारलं होतंस का, असं आई पातेल्यातून मान न काढता विचारते आहे, आणि याही वेळेला माझं उत्तर नाही असंच आहे.

ताटाबद्दल शेवटचं. मला धुळ्याला शिक्षिकेच्या कोर्सला प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी पहिला रविवार आला. ट्रंक भरून झाली होती. ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे पापडांचा, डबा आईनं वरती बांधून ठेवला होता. देवळात मी तिच्या शेजारी बसले. बाबा पेटी वाजवत होते. ताट आलं. आईनं नेहमीसारखं ते माझ्याकडे दिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मीही काही न उचलता ते तसंच पुढच्या बाईकडे न्यायला लागले. मला वाटलं, निदान हे तरी. आईनं माझं मनगट धरलं. बोटं भाकऱ्या थापून खरखरीत झालेली. ताट आमच्या दोघींच्या मध्ये थांबलं, पुढची बाई वाट बघत राहिली. आईनं माझ्याकडे न बघता, ओठ न हलवल्यासारखं हळूच म्हटलं, "ले, पोरी. आपुन दोन्ही जणी उपाशी राहीसन तिचं काय भलं व्हई?"

मी तुकडा घेतला. आईनं ताट माझ्या हातून काढून पुढे दिलं आणि रिकामे हात मांडीवर ठेवले.